बैठक क्रमांक आणि आडनाव

परीक्षा म्हणजे ज्ञानाचे मोजमाप, असे आपण धरून चालतो. पण ती तोंडी घेतली, लेखी घेतली की अंतर्गत गुणांच्या रूपाने घेतली, यावर ती नेमके काय मोजते हे पुष्कळसे ठरते.

एम. ए.च्या तोंडी परीक्षेत मला पहिला प्रश्न पूर्ण नावाचा, दुसरा गावाचा, तिसरा वडील काय करतात हा विचारला गेला. विषयावर नंतर एकच प्रश्न. माझ्या आधीचा विद्यार्थी वीस मिनिटे आत होता, मी पाच मिनिटांत बाहेर आलो. पुरावा माझ्याजवळ नाही. तोंडी परीक्षा मागे कागद ठेवत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीपुढेही (अहवाल २००७) दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षांतील भेदभावाच्या तक्रारी मांडल्या होत्या.

लेखी परीक्षेत बैठक क्रमांक असतो आणि क्रमांकाला आडनाव नसते. आमची पिढी पदवीपर्यंत पोहोचली त्यात या क्रमांकाचा वाटा मोठा आहे. तरी लेखी परीक्षाही विषयाबरोबर ग्रंथांची मराठी तपासतेच. माझ्या अर्थशास्त्राच्या वर्गातला एक मुलगा कांद्याचा भाव का पडतो हे, बापाबरोबर बाजार समितीत काढलेल्या रात्रींवरून असे सांगतो की पुस्तकातला मागणी-पुरवठ्याचा आलेख फिका पडावा. कागदावर तोच 'आनि', 'पानी' लिहितो आणि चार ओळींत संपतो. त्याला तोंडी परीक्षाच न्याय देईल.

२०२० साली टाळेबंदीत बहुपर्यायी प्रश्न मोबाईलवर आले. तिथे अक्षर दिसत नव्हते, शुद्धलेखनही नाही. पण घरात फोन एक आणि परीक्षा देणारी भावंडे दोन, तिथे काय मोजले गेले?

सर्वांत नाजूक जागा अंतर्गत गुणांची. इथे शिकवणारा, तपासणारा आणि नाव जाणणारा माणूस एकच. हा दोष केवळ सवर्ण प्राध्यापकांचा, असे आपल्यापैकी अनेकजण मानतात. मीही मानत असे. रेमा हन्ना आणि ली लिंडन यांनी भारतातील एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध केले. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात वगैरे तपशील चिठ्ठ्या टाकाव्यात तसे बदलून घातले आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. 'खालची' जात लिहिलेल्या पत्रिकेला किंचित कमी गुण पडले. आणि हा भेद मुख्यतः खालच्या मानलेल्या जातींतल्याच परीक्षकांकडून झालेला आढळला. हे वाचल्यावर मी माझे जुने गुणतक्ते काढून बसलो होतो.

आता चाचणीच्या कागदावर मी फक्त क्रमांक लिहायला लावतो. तोंडीचे प्रश्न डब्यातल्या चिठ्ठ्यांवर, प्रत्येकाला दहा मिनिटे, गुण कोणत्या मुद्द्याला दिले ते विद्यार्थ्यासमोर लिहायचे. मुलगा घरच्या बोलीत बोलला तरी चालते. वेळ दुप्पट जातो. अक्षर ओळखू येते ही अडचण उरतेच, म्हणून एका सहकाऱ्याशी गठ्ठ्यांची अदलाबदल करतो. तो तयार झाला; विभागप्रमुख अजून झालेले नाहीत.