वारीतली मैत्रीण

शेजारच्या ब्लॉकमध्ये कोण राहतं, हे दारावरची पाटी वाचल्याशिवाय सांगता येत नाही, अशी आज शहरातल्या कितीतरी घरांची अवस्था आहे. आणि दुसरीकडे, वर्षातून जेमतेम वीस दिवस भेटणाऱ्या दोन बायकांची मैत्री पंचवीस-पंचवीस वर्षं टिकते! आषाढी वारीला एकदा तरी शेवटपर्यंत चालत गेलेल्या कुणालाही विचारा. विठ्ठलाच्या गोष्टीआधी सोबत चाललेल्या माणसांच्या गोष्टी निघतील.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले. दिंडीतही पताकावाले पुढे, मग टाळकरी, मृदंगवाला, वीणेकरी आणि त्यांच्या मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. गर्दी लाखोंची असली, तरी आपण चालतो ते याच शंभर-दोनशे माणसांत. म्हणूनच पुढल्या वर्षीही तीच माणसं नेमकी त्याच जागी सापडतात. मैत्रीला एवढा पक्का पत्ता आणखी कुठे मिळणार?

इथे प्रत्येक जण ‘माउली’. वाकून पायाला हात लावायचा आणि समोरच्यानेही आपल्या पायाला लावायचा. नाव-गाव बरेचदा दोन-तीन मुक्कामांनंतर विचारलं जातं. तोवर दिवे घाटाच्या चढणीवर एकीने दुसरीची पडशी घेतलेली असते, पायाला आलेल्या फोडाला तेल लावून दिलेलं असतं, पहाटे तीनला टँकरपाशी आंघोळीच्या वेळी कपडे राखत उभं राहणं झालेलं असतं. रात्री राहुटीत पाणी शिरलं, की एकाच ताडपत्रीवर दोघी पाय पोटाशी घेऊन बसतात.

आणि मग बोलणं सुरू होतं. मुलाच्या डोक्यावरचं कर्ज, परत पाठवलेली लेक, सासरी कधीच न उच्चारलेली एखादी गोष्ट. हे घरी का सांगता येत नाही? कारण तिथे सांगितलेलं संध्याकाळपर्यंत गावभर होतं. वारीतल्या मैत्रिणीचं गाव शंभर कोस दूर. ऐकणारी ते सोबत घेऊन जाते आणि तिच्यापाशीच ठेवते. दिवे घाटापुरतं एक दिवस चालून, फोटो काढून परतणाऱ्यांना वारीचं सगळं दिसतं, फक्त हे ऐकू येत नाही.

भांडणं होत नाहीत असं मुळीच नाही. राहुटीतल्या जागेवरून, पाण्यावरून चांगली जुंपते. दिंडीवरच अन्याय झाला असेल, तर संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी इतरांचे टाळ थांबले तरी ती दिंडी टाळ वाजवत राहते. मग चोपदार येऊन तक्रार ऐकतात.

पण ही आपुलकी घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचते का? इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात आपल्या वारीचं वर्णन केलं आहे. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे यांच्या पंगती वेगळ्या बसत, याची त्यांना रोज खंत वाटे. त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या, तेव्हा कुठे त्या बायका मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या, पुण्याला भेटायला येऊ म्हणाल्या. त्यातल्या एका तरुण मुलीने विचारलं, की तिथेही आमच्याशी असंच वागाल ना? साधाच प्रश्न, पण बाईंच्या जिव्हारी लागला. तो आजही टाळता येण्यासारखा नाही. लग्नपत्रिका जातात, मोबाइलवर ख्यालीखुशाली होते. पण वारीतली माउली पिशवी घेऊन फ्लॅटच्या दारात उभी राहिली, तर तिला हॉलमध्येच चहा देऊन वाटेला लावणारीही घरं आहेत. आणि आठ दिवस हट्टाने ठेवून घेणारीही.

२०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे पायी वारी झालीच नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२२ मध्ये दिंड्या पुन्हा निघाल्या, तेव्हा पहिल्या मुक्कामी विचारणा एकच होती: कोण आलं, कोण नाही? काहींची जागा रिकामी होती आणि कारण विचारायची हिंमत होत नव्हती.

काही जणी मात्र गुडघ्यांनी दगा दिला म्हणून थांबलेल्या. अशी एखादी फलटणच्या अलीकडे रस्त्याकडेला सकाळपासून येऊन बसते, फडक्यात भाकरी आणि पिठलं बांधून. दिंड्यांचे क्रमांक मोजत राहते. आपला क्रमांक आला, की उठते, पताका, टाळकरी, वीणेकरी पुढे जाऊ देते आणि तुळशीवाल्यांच्या रांगेत आपल्या माउलीला शोधते. दिंडी थांबत नाही. म्हणून भाकरी हातात देऊन, जमेल तेवढी तिच्यासोबत चालते.