एकरी तीन हजार टँकर

सकाळी उठल्यावर तंबूबाहेर उघड्यावर ठेवलेला स्टीलचा उभा डबा उचलला, आत पट्टी बुडवली आणि आकडा दोनदा वाचला. अकरा सेंटिमीटर, म्हणजे ११० मिलिमीटर. रात्री आठ ते सकाळी सात एवढ्या वेळात पडलेला पाऊस.

मी खुलताबादचा. आमच्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की सरकारदरबारी त्याला अतिवृष्टी म्हणतात. तलाठी येतो, पंचनामे होतात, मोबाइलवर फोटो फिरतात. आंबोलीत त्या सकाळी काय झालं? रस्त्यापलीकडच्या टपरीवर कांदाभजी तळायला सुरुवात झाली. आमचा वाटाड्या, पंचविशीतला मुलगा, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं घेऊन आला. मी त्याला डबा दाखवला. त्याने आत डोकावून पाहिलं आणि हसला. ‘काका, पाऊस खंय पडलो अजून!’

आम्ही सात जण, चार दिवस, तीन रात्री. सिंधुदुर्गातल्या घाटमाथ्यावरचं सदाहरित जंगल पायी बघायचं, रात्री बेडूक-साप शोधत फिरायचं, असा बेत. मुक्काम जंगलात नव्हता. गावातल्या एका घरामागच्या पत्र्याच्या शेडखाली तंबू लावले होते. जुलैत उघड्यावर तंबू लावणारा माणूस आंबोलीचा नसतो, असं घरमालकीण म्हणाल्या.

आता हिशेब. एका एकरावर एक इंच पाऊस पडला की साधारण एक लाख लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दहा टँकर. हे गणित एकदा डोक्यात बसलं की पावसाच्या बातम्या वेगळ्याच वाचता येतात. खुलताबादला वर्षाला तीसेक इंच पाऊस, म्हणजे एकरी तीनशे टँकर. आंबोलीची सरासरी सुमारे ७,५०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास तीनशे इंच. एकरी तीन हजार टँकर. एक शून्य वाढलं एवढंच, पण ते शून्य जरा रस्त्यावर उभं करून बघा. टँकर आठ मीटर लांब धरला आणि एकाला एक खेटून लावला, तर आंबोलीच्या एका एकराची रांग खुलताबादहून निघून दौलताबादच्या किल्ल्याखालून थेट छत्रपती संभाजीनगरच्या वेशीपर्यंत जाते. चोवीस किलोमीटर. आमच्या एकराची रांग अडीच किलोमीटरच्या आत संपते. वेरूळला उतरणारा घाटही ती पुरा करणार नाही.

वेरूळचं नाव निघालं म्हणून आणखी एक. कैलास लेणं कोरताना डोंगरातून सुमारे दोन लाख टन दगड काढला असावा, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. आठव्या शतकातल्या त्या छिन्नी-हातोड्यांचा विचार करून आम्ही लहानपणापासून तोंडात बोट घालत आलोय. आंबोलीत दोन लाख टन पाणी पडायला साडेसहा एकर जमीन आणि एक पावसाळा पुरतो. गंमत म्हणजे दगड दोन्हीकडे एकच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा काळा पाषाण. तो आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. आमच्याकडे तो माणसांनी कोरला, तिकडे पाणी कोरतंय.

मग हा फरक कशाने? ‘आंबोली थंड हवेचं ठिकाण, उंच असेल’ असं आमच्यातला एक जण म्हणाला. आंबोलीची उंची ६९० मीटर. खुलताबाद साडेआठशेच्या आसपास, आणि म्हैसमाळ तर हजाराच्या वर. उंचीत आम्हीच मोठे. पण अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो, वर चढतो, थंड होतो आणि पदरचं बहुतेक पाणी तिथेच टाकतो. आमच्यापर्यंत येतो तो रिकाम्या खिशाने. हे किती झटपट घडतं ते महाबळेश्वरच्या रस्त्यावर बघावं. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, अठरा किलोमीटरवर पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, आणि घाट उतरून वाईला आलात की जेमतेम आमच्याएवढा. एसटीत लागलेली डुलकी मोडायच्या आत हवामानाचा देश बदललेला असतो.

जाताना कराडला कोयना ओलांडली तेव्हा एक जुनी ठसठस उगाच वर आली. मराठवाड्यातल्या माणसाला धरणांचे आकडे नातेवाइकांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ असतात. कोयनेचा एकूण साठा १०५ टीएमसी, आमच्या जायकवाडीचा जवळपास १०३. भाऊ-भाऊ शोभावेत असे. पण कोयनेत पाणी आणणारा मुलूख ८९२ चौरस किलोमीटर आहे आणि जायकवाडीचा २१,७५० चौरस किलोमीटर. चोवीसपट! भरलेल्या कोयनेचं पाणी तिच्या मुलखावर सारखं पसरलं तर सव्वातीन मीटर उभं राहील, दोन पुरुषांना जवळजवळ बुडवेल इतकं. जायकवाडीच्या नाथसागराचं पाणी त्याच्या मुलखावर पसरलं तर तेरा सेंटिमीटर. घोटा भिजतो. जायकवाडीच्या वर आणखी धरणं आहेत, तिथे पाणी अडतं, हे खरंच. तरी पैठणला धरण भरायला वर्षांची वाट का बघावी लागते आणि कोयनेचे दरवाजे का दर पावसाळ्यात बातमीत असतात, ते या दोन आकड्यांत आहे. एकेकाळच्या खडकीसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, जमिनीखालून नहर आणणारा मलिक अंबर आमच्याच गावात १६२६ पासून झोपलाय. त्याला हे आकडे दाखवले असते तर त्याने काय केलं असतं, या विचारात कोल्हापूर आलं.

जंगलात पाऊल टाकल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की तिथे पाऊस दोन मजली असतो. वर आभाळातून पडतो तो एक. तो पानांवर थांबतो, फांदीवरून खोडावर येतो, शेवाळात जिरतो, पानांच्या लांबट टोकांवरून निथळतो, आणि मग खाली येतो तो दुसरा. वरचा थांबला तरी खालचा अर्धा तास चालूच. मी छत्री उघडून उभा होतो आणि डोक्यात पुन्हा पाढे. उघड्या छत्रीखालची जागा साधारण एक चौरस मीटर. आंबोलीत वर्षभरात तिच्यावर साडेसात हजार लिटर पाणी पडतं. थेंब दोन मिलिमीटर जाडीचा धरला तर लिटरमागे दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास थेंब. म्हणजे एका छत्रीवर वर्षाला १८० कोटी थेंब. देशातल्या प्रत्येकाच्या नावाने एकेक थेंब सोडला तरी पस्तीस-चाळीस कोटी उरतात. त्यातले मोठे थेंब ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने येतात. एवढा मारा उघड्या जमिनीवर झाला तर माती एका हंगामात कोकणात उतरेल. मधे जंगल आहे म्हणून ती वर आहे.

आत अंधार असतो, हेही पुस्तकात वाचून कळत नाही. दाट वर्षावनात वरून निघालेल्या उजेडातला शंभरातला एक-दोन भागच जमिनीपर्यंत पोचतो. सकाळी साडेअकराला आम्ही बॅटऱ्या काढल्या. जळवा मात्र अंधारातही अचूक. पहिल्या दिवशी मी त्या मोजत होतो. एकोणिसाव्या जळूनंतर मोजणी सोडली. मीठ, तंबाखूचं पाणी, गुडघ्यापर्यंतचे मोजे, सगळे उपाय करून झाले. वाटाड्या हवाई चपलेत होता.

‘काय काय दिसलं?’ या प्रश्नाला उत्तर देताना माणूस मोठ्या जनावरांची नावं घेतो. आम्हालाही दुसऱ्या दिवशी चौकुळच्या वाटेवर धुक्यात गवे दिसले. पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोपर्यंत भरतो, पण धुक्यात आधी दिसतात ते पायांचे पांढरे मोजे. शेकरू दिसलं, आपला राज्यप्राणी, जे एका झेपेत वीसेक फूट पार करतं. पण इथला खरा पसारा छोट्या आकारात आहे. ई. ओ. विल्सन या मुंग्यांच्या अभ्यासकाला पेरूच्या वर्षावनातल्या एकाच झाडावर मुंग्यांच्या ४३ जाती मिळाल्या होत्या. जवळपास तेवढ्याच अख्ख्या ब्रिटिश बेटांवर आहेत. टेरी अर्विनने पनामात एकाच जातीच्या १९ झाडांवरचे भुंगेरे गोळा केले, तर जाती निघाल्या सुमारे १,२००. जगाच्या जमिनीचा सहा-सात टक्के भाग वर्षावनांखाली आहे आणि निम्म्याहून अधिक सजीव जाती तिथे राहतात असं मानलं जातं. ही भाडेकरूंची गर्दी बघायला मान वर करून उपयोग नाही, उकिडवं बसावं लागतं.

रात्रीच्या फेरीत आम्ही बसलोच. साडेनऊनंतर बेडकांचा जो गजर सुरू झाला त्यात शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. वाटाड्याने एका डबक्यावरच्या फांदीकडे उजेड टाकला. हिरवागार, तळहातात मावेल एवढा, बोटांमधे केशरी पडदे असलेला मलबारचा उडता बेडूक. हा झाडावरून झेपावतो आणि पडदे पसरून नऊ ते बारा मीटर तरंगत जातो, अंगाच्या लांबीच्या ११५ पट अंतर. साडेपाच फुटी माणसाने तशी झेप घ्यायची तर ६३० फूट. कैलास लेण्याचं अंगण सुमारे २७६ फूट लांब आहे. आमच्यापैकी कुणी ते एका झेपेत दोनदा ओलांडून वर ऐंशी फूट पुढे पडला असता. आम्ही मारुतीच्या गावचे खरे, पण आमचा भद्रा मारुतीही निद्रावस्थेतलाच.

तिसऱ्या दिवशी आकड्यांनी उलटी दिशा धरली. आंबोली टोड नावाचा एक छोटा भेक आहे. विज्ञानाच्या दप्तरात त्याची नोंद झाली २००९ मध्ये, आणि जगात तो फक्त या आंबोलीच्या आसपास सापडतो. अतिधोक्यातल्या जातींत त्याचं नाव आहे, आणि पावसाळ्यातल्या पर्यटकांच्या गाड्यांची चाकं हा त्याच्यापुढचा एक धोका. तिथून हिरण्यकेशीच्या उगमावर गेलो. देवळाजवळच्या त्या पाण्यात २०२० मध्ये एका नव्या माशाची नोंद झाली, त्याला नदीचंच नाव मिळालं, आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने उगमाभोवतीचे २.११ हेक्टर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. सव्वापाच एकर. आमच्याकडे एवढं तर एका मध्यम शेतकऱ्याचं शेत असतं. त्यावर पडणारं पाणी मात्र वर्षाला पंधरा हजारांहून जास्त टँकर.

एक शंका मला चारही दिवस छळत होती. ॲमेझॉनच्या काठच्या मनाऊस शहरात वर्षाला सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीत त्याच्या तिपटीहून जास्त. मग आंबोलीत ॲमेझॉन का नाही? ॲमेझॉनच्या खोऱ्यात ३९,००० कोटी मोठी झाडं असावीत असा २०१३ चा अंदाज आहे. जगातल्या प्रत्येक माणसामागे पन्नासच्या आसपास. जाती सोळा हजार, आणि त्यातल्या अवघ्या २२७ जातींनी निम्मं जंगल भरलंय. आंबोलीतली झाडं त्यामानाने बुटकी, वाऱ्याने वाकवलेली. जांभूळ, अंजनी, हिरडा. उत्तर वाटाड्याने दिलं, तेही मी न विचारता. चहा पिताना तो म्हणाला की मार्च-एप्रिलला इकडे विहिरी खाली जातात. तीन हजार टँकरांतले बहुतेक सगळे जून ते सप्टेंबरात येऊन ओतून जातात, उरलेले सात-आठ महिने झाडाने आपलं आपण बघायचं. ॲमेझॉनला मात्र कमी पाणी, पण बाराही महिने. पगार आणि लॉटरी यांत जो फरक तोच. खुलताबादच्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. आमचेही तीसेक इंच धड पंचवीस-तीस दिवसांत विभागून पडले तर कापूस होतो, चार दिवसांत पडले तर पंचनामा.

घरी पोचलो तर आईने आधी विचारलं, ‘वाघ दिसला का?’

नाही दिसला. आणि तिला सांगायला जे होतं ते आंबोलीचं नव्हतंच. २०२१ च्या मार्चमध्ये वाघ आमच्याकडे आला होता. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण नर तीनशेहून जास्त किलोमीटरचा मुलूख ओलांडून कन्नडजवळच्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात पोचला आणि तिथल्या कॅमेऱ्यात टिपला गेला. कित्येक दशकांनंतर गौताळ्यात वाघ. त्याच्या आधी, २०१९ मध्ये, टिपेश्वरचाच दुसरा एक, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत आला. नऊ-एक महिन्यांत त्याची चाल भरली तीन हजार किलोमीटर. दिवसाला अकरा. आम्ही भाड्याची गाडी, बूट, थर्मास आणि वाटाड्या घेऊन दिवसाला साडेआठ चाललो, आणि चौथ्या दिवशी दोघांचे गुडघे गेले.

‘मग सहाशे किलोमीटर लांब कशाला गेला होतास?’ आई म्हणाली आणि ओले बूट गच्चीवर टाकायला सांगून आत गेली.

बुटांबरोबर तो स्टीलचा डबाही गच्चीवर ठेवला. नऊ दिवस कोरडा. दहाव्या रात्री पत्रे वाजले, घरातले सगळे उठून खिडकीशी आले. सकाळी पट्टी बुडवली. चार मिलिमीटर, एकरी दीड टँकर. वहीत ११० च्या खाली हा आकडा लिहून ठेवला.