किटवरची एक रेघ आणि गर्भाची पहिली खबर

पाळी चुकून दोनच दिवस झालेत. आशाताईंनी दिलेल्या ‘निश्चय’ किटवर एकच रेघ आली. म्हणजे दिवस गेले नाहीत, असं समजायचं का? अंबड, घनसावंगी, मंठा भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना याचं उत्तर निघण्याआधी हवं असतं. पण एक रेघ म्हणजे ठाम ‘नाही’ नव्हे. खबर अजून पोहोचली नसेल, एवढंच.

गर्भधारणा ही सुरुवातीपासूनच रासायनिक निरोपांवर चालते. स्त्रीबीजाभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात. त्यामुळे शुक्राणूत कॅल्शियम शिरतं आणि त्याची शेपटी जोरात हलू लागते. आत गेलेला शुक्राणू एक प्रथिन सोडतो. त्याने बीजात कॅल्शियमच्या लाटा उठतात, बीज जागं होतं आणि दुसऱ्या शुक्राणूंना वाट बंद होते.

फळलेलं बीज साधारण सहा ते दहा दिवसांनी गर्भाशयाच्या अस्तरात रुजतं. आईच्या शरीराला हे कळायला हवं, नाहीतर पाळी येणार. बीज सुटलेल्या जागी बीजांडकोशात पीतपिंड तयार झालेलं असतं. तेच प्रोजेस्टेरॉन बनवून अस्तर टिकवतं, पण त्याचं आयुष्य जेमतेम चौदा दिवसांचं. गर्भाच्या बाहेरच्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात, आणि त्यामुळे पीतपिंड काम चालू ठेवतं. पुढे वार तयार झाली की प्रोजेस्टेरॉनचं काम ती हाती घेते.

किट शोधतं ते हेच एचसीजी. बीज उशिरा सुटलं असेल तर ते लघवीत उशिरा दिसतं. म्हणून तीन-चार दिवसांनी, सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासणी पुन्हा करा. रेघ फिकट असली तरी वेळेत दिसली तर ती ‘हो’च धरायची. अपवाद एक : मूल होण्याच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल, तर त्याचा अंश दहा-चौदा दिवस लघवीत राहू शकतो.

रक्तातल्या ‘बीटा एचसीजी’चा एकच आकडा पाहून घाबरू नका, हुरळूनही जाऊ नका. ४८ तासांनी तो किती वाढला ते महत्त्वाचं. सुरुवातीच्या दिवसांत तो बहुधा दीडपट किंवा त्याहून जास्त होतो. वाढ कमी असेल तर गर्भ नीट वाढत नसेल, किंवा तो नलिकेत अडकला असेल. तिथूनही तो एचसीजी सोडतोच, त्यामुळे किटवर दोन रेघा येतात. गर्भ कुठे आहे हे किट सांगत नाही, सोनोग्राफी सांगते.

म्हणूनच मेडिकलमधून परस्पर गर्भपाताच्या किंवा ‘पाळी आणायच्या’ गोळ्या घेऊ नयेत. गर्भपाताच्या गोळ्यांनी नलिकेतला गर्भ पडत नाही. रक्तस्राव झाला की ‘मोकळी झाले’ असं वाटतं, आणि इकडे नलिका फुटायच्या बेतात असते. पोटात एका बाजूला दुखणं, चक्कर, खांद्यात कळ यांपैकी काही झालं तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. ऊसतोडीच्या फडावर असलात तरी हेच. पाळीची शेवटची तारीख आणि तपासणीचे कागद सोबत ठेवा.