*पिकअपला स्पेसर बसवावा का? आधी क्रेटचे थर मोजा*



आजचा मेसेज फवारणीचा नाही, गाडीचा आहे. टोमॅटोचे तोडे सुरू झाल्यापासून चार-पाच सभासदांनी मला एकच प्रश्न विचारला. "ताई, पिकअप वळणावर फार हलते. टायरवाला म्हणतो मागे स्पेसर टाका, गाडी रुंद होते, पलटी होत नाही. टाकू का?"

मी कृषी पदविकावाली, मेकॅनिक नाही. पण आमच्या घरीही पिकअप आहे आणि दादाने मागच्या वर्षी हाच उद्योग केला होता. तेव्हा जे भोगलं आणि नंतर गॅरेजमध्ये बसून जे समजून घेतलं, ते सांगते. मेसेज मोठा आहे, पण स्पेसर घ्यायच्या आधी पूर्ण वाचा.

*स्पेसर म्हणजे काय?*

हब आणि चाक यांच्यामध्ये बसवायची धातूची जाड चकती. ती जेवढी जाड, तेवढं चाक बाहेर येतं. बाजारात दोन प्रकार मिळतात.

१) *नुसती चकती:* मूळ स्टडवर सरकवायची, वरून चाक लावायचं आणि तेच नट आवळायचे. स्वस्त आणि झटपट. पण चकती १० मिमीची असेल तर स्टडचे १० मिमी आटे ती खाते. नटाला धरायला तेवढे आटे कमी उरतात.

२) *बोल्टवाला स्पेसर:* हा मूळ स्टडवर स्वतःच्या नटांनी बसतो आणि त्याच्या अंगावरच्या नव्या स्टडवर चाक बसतं. पहिल्यापेक्षा बरा. पण आता नटांचे दोन संच झाले. आतला संच चाक काढल्याशिवाय दिसत नाही. तो ढिला झाला तर बाहेरून कळणारही नाही.

*आमच्या गाडीचं काय झालं*

दादाने पहिल्या प्रकारातली चकती टाकली होती. पंधरा दिवस गाडी छान चालली. मग एका पहाटे नारायणगाव मार्केटला माल नेताना मागून टक-टक आवाज यायला लागला. क्रेट हलत असतील असं त्याला वाटलं. थोडं पुढे गेल्यावर गाडी मागून झुलायला लागली, तेव्हा त्याने बाजूला घेतली. डाव्या चाकाचे दोन स्टड तुटलेले आणि बाकीचे नट हाताने फिरत होते.

रस्ता सपाट होता आणि वेग कमी होता, म्हणून निभावलं. दुसरी गाडी बोलावून माल पलटी करेपर्यंत लिलाव उरकत आला होता, मिळेल त्या भावात माल द्यावा लागला. ते नुकसान भरून निघालं. हेच माळशेज उतरताना धुक्यात झालं असतं तर काय, हा विचार आजही आईच्या डोक्यातून जात नाही.

*स्टड का तुटले?*

आपल्याला वाटतं चाक स्टडवर टांगलेलं असतं. तसं नाही. नट चाकाला हबवर इतकं घट्ट दाबून धरतो की त्या घर्षणावर चाक टिकतं. हा दाब कमी झाला की चाक सूतभर हलायला लागतं, प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो-सरळ होतो आणि शेवटी तुटतो. तार हाताने वाकवून-वाकवून तोडतो ना आपण, तसंच.

म्हणून साधा नियम लक्षात ठेवा. नट निदान स्टडच्या जाडीएवढा तरी आट्यांत गेला पाहिजे. स्टड १२ मिमीचा आणि आटे दीड मिमीचे असतील तर नटाचे किमान *८ पूर्ण फेरे* बसले पाहिजेत. त्याहून कमी बसत असतील तर ती चकती त्या गाडीवर चालणार नाही, विषय संपला.

दुसरं नुकसान बेअरिंगचं. भरलेली घागर कमरेवर घेतली तर चालता येतं, हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो. वजन तेच, फक्त लांब गेलं. समजा भरल्या गाडीत मागच्या एका चाकावर १००० किलो वजन आहे आणि स्पेसरने चाक ३ सेंमी बाहेर गेलं. म्हणजे ३० किलोचं वजन १ मीटर लांब पहारीच्या टोकाला टांगावं, एवढा जादा ताण त्या बेअरिंगवर सतत. खड्डा आला की तो आणखी वाढतो. पुढच्या चाकांना स्पेसर टाकला तर स्टेअरिंगही खड्ड्यात हाताला ओढ देतं.

*पण गाडी पलटी होत नाही, हे तरी खरं ना?*

खरं आहे, पण फार थोडं. हिशोब करून बघू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत.

गाडी १७०० किलोची, मागच्या-पुढच्या चाकांची रुंदी १४५ सेंमी, हौद्याची फळी जमिनीपासून ८० सेंमी. क्रेट साधारण ३० सेंमी उंच, एका थरात ४०० किलो माल.

▪️ *४ थर भरले:* गाडी आणि माल मिळून वजनाचा मध्य जमिनीपासून सुमारे १०१ सेंमीवर.
▪️ *३ थर भरले:* तोच मध्य सुमारे ९० सेंमीवर.

गाडी उलटायला किती टिकाव धरते, ते चाकांची निम्मी रुंदी आणि या मध्याची उंची यांच्या प्रमाणावर ठरतं. चारी चाकांना ३ सेंमीचे स्पेसर टाकले तर ४ थरांच्या गाडीचा टिकाव सुमारे *४ टक्के* वाढतो. स्पेसर न टाकता एक थर कमी केला तर सुमारे *१३ टक्के* वाढतो.

म्हणजे वरचा एक थर उतरवणं हे स्पेसरच्या तिप्पट काम करतं. शिवाय बेअरिंग, पाटे, टायर, ब्रेक सगळ्यांचा भार हलका होतो. आणि एक गोष्ट अनुभवाची सांगते. स्पेसर टाकला की "आता गाडी दबते" म्हणून आपण पाचवा थर चढवतो. ते ४ टक्के तिथेच संपतात.

*"ट्रॅक्टरची चाकं रुंद करतो, मग पिकअपची का नाही?"*

हा प्रश्नही आला होता. ट्रॅक्टरची चाकं पिकाच्या ओळीप्रमाणे कमी-जास्त करायची सोय कंपनीनेच दिलेली असते. डिस्क आणि रिम उलटसुलट लावून रुंदी बदलते, मध्ये परकी चकती घालावी लागत नाही. शिवाय तो पिकअपच्या वेगाने हायवेला पळत नाही.

*टायर घासतो म्हणून स्पेसर हवा असेल तर*

टायर पाट्याला किंवा पत्र्याला का घासतो ते आधी बघा. बहुतेक वेळा कंपनीच्या मापापेक्षा रुंद टायर टाकलेला असतो, नाहीतर पाटे बसलेले असतात. मूळ मापाचा टायर लावा, पाटे दुरुस्त करा. एका चुकीच्या मापावर दुसरं चुकीचं माप चढवू नका.

*कायदा आणि विमा*

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ मापात परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावत असेल तर पासिंगला गाडी अडकू शकते. अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण मिळतं. जादा मालाचा दंड तर वेगळाच: २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये.

*गाडीत स्पेसर आधीच असतील तर आज एवढं करा* 👇

१) चाक काढून बघा. नुसती चकती असेल तर नटाचे फेरे मोजा. कमी भरले तर चकती काढून टाका.
२) स्पेसर हबच्या मधल्या गोलावर घट्ट बसतो का ते बघा. सैल असेल तर चाक मध्यावर राहत नाही, थरथर येते.
३) बसायच्या जागेवर माती, गंज, रंगाचे पापुद्रे नकोत. तारेच्या ब्रशने साफ करा.
४) नट पायाने उड्या मारून आवळू नका, त्याने स्टड ताणला जातो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर, समोरासमोरचे नट घेत आवळा. ५० ते १०० किमी चालल्यावर पुन्हा तपासा. चाक कधीही काढलं तरी हेच करा.
५) नटाभोवती गंजाच्या रेषा, हब गरम लागणं, घुंई असा आवाज, टक-टक, एका कडेने झिजणारा टायर. यातलं एक जरी दिसलं तरी माल भरू नका.

*माझा सल्ला*

माल वाहणाऱ्या पिकअपला स्पेसर बसवू नका. आरसीवर भरलेल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन दोन्ही लिहिलेलं असतं. वजाबाकी करा, तेवढाच माल तुमच्या गाडीचा. ते किलो क्रेटमध्ये मोजा आणि हौद्याच्या आतून खडूने रेघ मारून ठेवा. भरणारी पोरं रेघेपर्यंतच भरतील. जड माल खाली, हलका वर, आणि दोर आडवा-उभा दोन्हीकडून.

उरलेल्या थरासाठी दोघा-तिघांनी मिळून दुसरी गाडी करा. कोणाचा किती माल उरतो ते आदल्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत या मेसेजला उत्तर देऊन कळवा, जोड्या लावून द्यायचं काम माझं.

संकलन केंद्रावर टॉर्क पाना आणून ठेवला आहे. माल उतरवायला आलात की गाडीची पुस्तिका दाखवा, पाच मिनिटांत नट तपासून जा. आमच्या दादाने सगळ्यात आधी तपासून घेतले आहेत.

आपली,
कृषी सल्लागार ताई

(गाडी असलेल्या प्रत्येक सभासदाला आणि त्याच्या ड्रायव्हरला हा मेसेज पुढे पाठवा.)