जाळ्यामागची यंत्रं (भाग ६) : लेबल वाचून वाटणी

१६ जुलै २०२१, दुपारी एक. दहावीचा निकाल लागला. परीक्षा झालीच नव्हती. कोरोनामुळे ती रद्द करून अंतर्गत मूल्यमापनावर गुण दिले होते आणि निकाल होता ९९.९५ टक्के. नापास होण्याची धास्ती जवळपास कुणालाच नव्हती. तरी राज्यातली पंधरा लाखांहून अधिक मुलं, त्यांचे आईबाप आणि मुलांपेक्षा जास्त उतावीळ झालेले काका-मामा एकदमच मोबाईलला भिडले. निकालाची संकेतस्थळं बसली, ती तासन्‌तास उठली नाहीत.

अशा वेळी जाणकार म्हणवणारा कुणीतरी हमखास म्हणतो, ‘लोड बॅलन्सर लावायला काय झालं होतं?’ गेल्या भागात आपण तो पाहिला. एकाऐवजी चार सर्व्हर ठेवायचे, दारात एक यंत्र बसवायचं, आणि आलेली प्रत्येक विनंती त्याने पाळीपाळीने चौघांकडे धाडायची. आज त्याच्या शहाण्या भावाबद्दल. हा नुसती मोजदाद करत नाही, आलेली विनंती वाचतो आणि मग ठरवतो.

वाचतो म्हणजे काय वाचतो? तुमचा ब्राउझर पान मागतो तेव्हा मागणीच्या ओळीखाली आणखी दहा-पंधरा ओळी आपसूक लिहितो. ‘होस्ट’ या ओळीत कुठलं संकेतस्थळ हवं ते. ‘यूजर-एजंट’मध्ये ब्राउझर कोणता, फोन कोणता. ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’मध्ये मराठी चालेल की इंग्रजी. ‘कुकी’मध्ये मागच्या भेटीची खूण. याच त्या हेडरच्या ओळी. पडद्यावर त्या कधी दिसत नाहीत, पण प्रत्येक मागणीबरोबर जातात.

सावद्याच्या स्टेशनावर केळीचं लोडिंग पाहिलेल्यांना हे चटकन उमगेल. पार्सलवरचं लेबल वाचून माल कुठे जायचा ते ठरतं. त्यासाठी खोकं फोडावं लागत नाही. पण ३ फेब्रुवारी २०२२ रोजी मध्य रेल्वेची हजारावी किसान रेल्वे सावद्याहून निघाली, ती दिल्लीच्या आदर्शनगरला. गाडीभर केळी, सगळी एकाच गावाला. अशा गाडीत लेबल वाचत बसलात तर वेळ जाईल, वाटणी काही सुधारणार नाही. माल वेगवेगळ्या गावांचा असेल तेव्हाच लेबलाला किंमत.

निकालाच्या दिवशी नेमकं हेच असतं. सगळ्यांना तेच पान हवं, त्याच मिनिटाला. एकाची विनंती दुसऱ्यापेक्षा वेगळी ठरते ती बैठक क्रमांक आणि आईचं नाव यांमुळे, आणि ही माहिती सहसा हेडरमध्ये नसते, खालच्या मजकुरात असते. तेव्हा हेडर वाचणारा बॅलन्सर तिथे फारसं काही साधत नाही. तिथे लागतात जास्तीचे सर्व्हर आणि एकदा लागलेला निकाल पुन्हापुन्हा डेटाबेसातून न उपसता हाताशी ठेवण्याची सोय. परीक्षा मंडळ अलीकडे एकाच निकालासाठी अनेक संकेतस्थळं जाहीर करतं, डिजिलॉकरवरही निकाल देतं. ही चक्क पत्रक काढून केलेली लोड बॅलन्सिंग आहे, आणि माझ्या मते मुळीच वाईट नाही.

मग हेडरचं राज्य कुठे? पहिलं तर ‘होस्ट’मध्ये. आयपी पत्ते मोजकेच. म्हणून एका पत्त्यावर अनेक संकेतस्थळं नांदतात. आलेली विनंती त्यांतल्या कोणाची, हे कळायचं कसं? वेबच्या सुरुवातीच्या नियमांत याची सोयच नव्हती. १९९७च्या जानेवारीत एचटीटीपीची १.१ आवृत्ती आली आणि ‘होस्ट’ची ओळ सक्तीची झाली, ती नसेल तर सर्व्हरने विनंती परत धाडायची. आज हजारो छोट्या संस्थांची संकेतस्थळं स्वस्तात चालतात ती या एका ओळीच्या जोरावर. ही ओळ वाचून वाटणी करणारी सॉफ्टवेअरं तयार मिळतात: विली तारो या फ्रेंच माणसाचा हॅप्रॉक्सी २००१चा, इगोर सिसोयेव्ह या रशियन माणसाचा एन्जिनएक्स २००४चा. दोन्ही फुकट मिळतात, आणि दोन्हींत ‘होस्ट अमुक असेल तर तमुक सर्व्हरांकडे’ असा नियम दोन-चार ओळींत लिहिता येतो.

दुसरी जागा कुकीची, आणि खरी गुंतागुंत इथे आहे. समजा, तुम्ही ऑनलाइन सातबारा काढताय. लॉगिन केलं, गट नंबर टाकला, पैसे भरले, आता उतारा उतरवायचा. या चार पायऱ्या म्हणजे चार वेगळ्या विनंत्या. पहिल्या तीन योगायोगाने दुसऱ्या क्रमांकाच्या सर्व्हरकडे गेल्या आणि तुमची ओळख त्याने स्वतःच्याच मेमरीत ठेवली. चौथी विनंती पाळीप्रमाणे तिसऱ्याकडे गेली. तो तुम्हाला ओळखतच नाही. ‘कृपया पुन्हा लॉगिन करा.’ पैसे मात्र गेलेले.

यावर तोडगा म्हणून बॅलन्सर पहिल्या भेटीत स्वतःची एक कुकी चिकटवतो: हा गडी दोन नंबरचा. पुढच्या प्रत्येक विनंतीत ब्राउझर ती दाखवतो आणि विनंती मुकाट दोन नंबरकडे जाते. कुणी म्हणेल, कुकी कशाला, आयपी पत्ता पाहून वाटा की. ते मोबाईलच्या जमान्यात फसतं. मोबाईल कंपन्या असंख्य ग्राहकांना एका आयपी पत्त्याआड बसवतात. बाहेरून पाहणाऱ्याला सावदा, फैजपूर, रावेरचे सगळे फोन एकच माणूस वाटू शकतात, आणि मग एका सर्व्हरवर अख्खा परिसर नि शेजारचा माशा मारत बसलेला.

कुकीलाही खोट आहेच. दोन नंबर बंद पडला की त्याला चिकटलेले सगळे एकदम उघड्यावर. शिवाय सकाळी चिकटलेले लोक दिवसभर तिथेच राहतात. दुपारी तुम्ही पाचवा सर्व्हर जोडलात तरी त्याच्याकडे फक्त नवी माणसं जातात. म्हणून शहाणे लोक ओळख सर्व्हरच्या पोटात ठेवतच नाहीत, सगळ्यांना दिसेल अशा सामाईक जागी ठेवतात. मग कोणीही सर्व्हर चालतो आणि पाळीपाळीची साधी वाटणी पुन्हा पुरेशी होते. चिकटवण्याची सवय हा बहुतेक वेळा आतल्या आळसावरचा वरवरचा लेप असतो, असं माझं मत आहे.

नवी आवृत्ती चाचपायलाही हेडर कामी येतो. कर्मचाऱ्यांच्या ब्राउझरने एक खास ओळ जोडायची. ती दिसली की नवा सर्व्हर, बाकी सगळी जनता जुन्यावर. बिघडलं तर आपल्याच चार माणसांचं बिघडतं.

आता अडचण अशी, की ‘एचटीटीपीएस’ असेल तर या सगळ्या ओळी कुलूपबंद असतात. वाचायच्या तर दारातच कुलूप उघडावं लागतं. म्हणजे किल्ली, प्रमाणपत्र, उलगडण्याची मेहनत, सगळं बॅलन्सरच्या माथी. शिवाय आतल्या सर्व्हरला आता प्रत्येक पाहुणा बॅलन्सरच्याच पत्त्यावरून आलेला दिसतो. म्हणून बॅलन्सर मूळ पाहुण्याचा पत्ता ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ नावाच्या ओळीत लिहून आत धाडतो, आणि आतली मंडळी त्यावर भरवसा ठेवतात.

हा भरवसाच नडतो. हेडर लिहितो पाठवणारा, आणि त्यात काहीही लिहायला कुणाची मनाई नाही. बाहेरच्या माणसाने ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’मध्ये कार्यालयाचाच पत्ता घालून पाठवला आणि बॅलन्सरने तो न पुसता आत सोडला, तर आतला सर्व्हर त्याला घरचा समजतो. मार्च २०२५मध्ये संकेतस्थळं बांधायच्या नेक्स्ट जेएस या लोकप्रिय चौकटीत असंच भगदाड उघड झालं. तिची स्वतःची, आतल्या कामाची एक ओळ होती, ‘एक्स-मिडलवेअर-सबरिक्वेस्ट’. ती कुणीही बाहेरून जोडून पाठवली की काही आवृत्त्यांत मधली परवानगीची तपासणी सरळ वगळली जायची. पक्की दुरुस्ती नव्या आवृत्तीत होती. ती लगेच बसवणं ज्यांना शक्य नव्हतं त्यांना दिलेला सल्ला एका वाक्याचा होता: बाहेरून येणाऱ्या विनंतीत ही ओळ दिसली, तर विनंती दारातच थांबवा.

(पुढच्या भागात : कॅश, म्हणजे उत्तर हाताशी ठेवण्याची युक्ती)