शंभरावं शतक आणि शंभरात एक

सचिन तेंडुलकरच्या शंभराव्या शतकाने सगळ्या देशाला वर्षभर ताटकळत ठेवलं. ती वाट सुरू झाली आमच्या शेजारून. आमच्या पांढुर्णा-सौंसर भागाचं राज्य मध्य प्रदेश आणि राज्याचं मोठं मैदान इंदुरात. पण दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि क्रिकेट म्हटलं की इकडची पावलं नागपूरकडेच वळतात. त्याच नागपूरजवळ, जामठ्याच्या मैदानावर, 12 मार्च 2011 रोजी विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिनने 111 धावा काढल्या. आंतरराष्ट्रीय शतक क्रमांक 99. मग 1 बाद 267 वरून भारताचा डाव 296 वर आटोपला. 29 धावांत नऊ गडी! सामनाही हातचा गेला. आता एकच शतक हवं होतं.

पुढचं शतक आलं 16 मार्च 2012 ला, मिरपूरला, बांगलादेशाविरुद्ध. मधे 33 डाव कोरडे गेले. त्या वर्षात पानठेल्यापासून टीव्हीच्या स्टुडिओपर्यंत एकच चर्चा: याला झालंय तरी काय?

आता जरा आकडेमोड करू. सचिन सगळ्या प्रकारांत मिळून 782 आंतरराष्ट्रीय डाव खेळला आणि शतकं झाली 100. म्हणजे साधारण दर आठ डावांमागे एक. एखाद्या डावात शतक न होण्याची शक्यता झाली आठात सात. हा सात-अष्टमांश 33 वेळा एकमेकांशी गुणला की उरतो शंभरात जेमतेम एक. दुर्मीळच गोष्ट, असं वाटतं ना? पण शंभर शतकांच्या मधल्या जागा किती? नव्याण्णव. शंभरात एकदा घडणाऱ्या गोष्टीला नव्याण्णव संधी मिळाल्या, तर ती एकदा तरी घडण्याचीच शक्यता जास्त! एवढ्या लांबीचा एक दुष्काळ सचिनच्या कारकिर्दीत कुठेतरी पडण्याचीच शक्यता जास्त होती. तो नेमका शेवटच्या जागेत पडला, जिथे सगळ्या देशाचे डोळे लागले होते. हिशेब ढोबळ आहे, मान्य. पर्थच्या खेळपट्टीवरचा डाव आणि कोटल्यावरचा डाव सारखा नसतो, दुखरा खांदा आणि धडधाकट खांदाही सारखा नसतो. तरी मला हा हिशेब पहिल्यांदा जमला तेव्हा मी कागद उलटून पुन्हा गुणाकार केला.

बरं, त्या 33 डावांत होतं काय? मोहालीला पाकिस्तानविरुद्धच्या उपांत्य सामन्यात 85. ओव्हलवर 91. वानखेडेवर वेस्ट इंडीजविरुद्ध 94, तेव्हा रामपॉलच्या चेंडूवर स्लिपमध्ये सॅमीने झेल घेतला. सिडनीत 80. मधे भारताने विश्वचषकही जिंकला. हजाराहून जास्त धावा काढणाऱ्या माणसाचा फॉर्म गेला, असं आपण म्हणत होतो, कारण आपण धावा मोजतच नव्हतो.

पण खरोखरच सूर हरवतो तेव्हा आत काय बिघडतं? ताशी 140 किलोमीटरचा चेंडू हातातून सुटून फलंदाजापर्यंत पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही. ‘चेंडूवर नजर ठेव’ असं प्रत्येक मास्तर सांगतो, आणि गंमत अशी की चांगला फलंदाज तसं सतत करतच नाही. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड या ब्रिटिश संशोधकांनी फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरा बसवून त्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपली. 2000 साली ते प्रसिद्ध झालं. चेंडू सुटतो त्या क्षणी डोळा त्याच्यावर असतो. मग डोळा झेप घेऊन टप्पा पडणार त्या जागी आधीच जाऊन बसतो आणि चेंडूची वाट पाहतो! फलंदाज जितका तयारीचा, तितकी ही झेप लवकर. यातलं काहीच तो ठरवून करत नाही. म्हणून पडत्या काळात ‘कोपर असं धर, पाय तसा टाक’ असे सल्ले देणारा हितचिंतक घातकही ठरू शकतो. जे आपोआप चालतं तिथे तो विचार घुसवतो आणि अर्ध्या सेकंदात विचाराला जागा नसते.

2003-04 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सचिनच्या नावापुढे 0, 1, 37, 0, 44 असे आकडे लागले होते. भाऊ अजित याने तंत्राला हात लावलाच नाही. चूक तुझ्या तंत्रात नाही, मनात आहे, फटका निवडण्यात आहे, असं त्याचं म्हणणं. वर आव्हान की सिडनीत दोन्ही डावांत नाबाद राहून दाखव. सचिनने कव्हर ड्राइव्ह जवळजवळ वर्ज्यच केला, कारण ऑफ स्टंपबाहेरच तो फसत होता. आमच्याकडे संत्र्याच्या आंबिया बहारासाठी बागेचं पाणी तोडून झाडाला ताण देतात. सचिनने तो ताण आपल्या सगळ्यात देखण्या फटक्याला दिला. दहा तासांहून जास्त वेळ, 436 चेंडू, नाबाद 241. दुसऱ्या डावात नाबाद 60. भावाने दोन वाक्यांत केलं ते चार प्रशिक्षकांना जमलं नसतं, असं मला वाटतं.

याच्या उलट 2006 चा मार्च: तेव्हा बिघाड मनात नव्हता, शरीरात होता. इंग्लंडविरुद्ध 21 चेंडूंत 1 धाव काढून तो परतत असताना वानखेडेवरच्या, म्हणजे त्याच्या घरच्याच, प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्यानंतर थोड्याच दिवसांत लंडनला त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली.

मग खरा उतार ओळखायचा कसा? मिरपूरनंतर सचिन आणखी 19 डाव खेळला. त्यांत एकही शतक नाही. आमच्या हिशेबाने 19 कोरडे डाव ही फार मोठी बाब नाही. 33 डावांपुढे तर काहीच नाही. उतार मात्र खरा याच वेळी होता, वय चाळिशीकडे झुकलं होतं. खूण शतकांच्या दुष्काळात नव्हती, बाद होण्याच्या तऱ्हेत होती. 2012 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये न्यूझीलंडविरुद्ध तिन्ही डावांत तो त्रिफळाचीत झाला: आधी बोल्ट, मग ब्रेसवेल, मग साउदी. डिसेंबरात जामठ्याला अँडरसननेही 2 धावांवर त्याची दांडी उडवली.