लाल कोळ्याला खाणारा कोळी: डोळे नाहीत, तरी शिकार पक्की

उन्हाळ्यात कुंडीतल्या गुलाबाच्या किंवा वांग्याच्या पानांवर बारीक पांढरट ठिपके दिसतात. पान निस्तेज होतं, मागच्या बाजूला बारीक जाळी लागते. फवारणी केली की थोडे दिवस बरं वाटतं आणि मग परत तेच. हे काम लाल कोळ्याचं. शेतकऱ्यांना तो चांगलाच माहीत आहे. पण त्याला खाऊन जगणारा दुसरा एक कोळी आहे आणि जगभरातले हरितगृहवाले तो बाटलीत विकत घेतात. हा प्रकार नेमका चालतो कसा, ते समजून घेऊया.

फवारणी का फसते?

लाल कोळी हा कीटक नाही. त्याला आठ पाय असतात, तो कोळ्यांच्या नात्यातला. त्यामुळे कीटकांसाठी बनवलेली बरीच औषधं त्याच्यावर नीट चालत नाहीत. त्यातून तो असतो जेमतेम अर्धा मिलीमीटर आणि राहतो पानाच्या मागे. गरम, कोरड्या हवेत त्याची नवी पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. प्रत्येक फवारणीत जे थोडे वाचतात, त्यांचीच पिल्लं पुढे वाढतात. असं होत होत ९० पेक्षा जास्त रसायनांना त्याच्यात प्रतिकार आल्याची नोंद आहे. आणि काही औषधं उलटाच घोळ घालतात. लाल कोळी वाचतो, त्याला खाणारे मित्रजीव मात्र मरतात.

मग हा शिकारी कोण?

त्याचं नाव फायटोसेयुलस परसिमिलिस. नारिंगी रंग, नासपतीसारखा आकार, लांब पाय आणि चाल एकदम चपळ. १९५० च्या दशकाच्या शेवटी चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या झाडांवर तो योगायोगाने सापडला. पुढे नेदरलँड्समध्ये यान कोप्पर्ट नावाच्या काकडी उत्पादकाच्या पिकावरचा लाल कोळी औषधांना दाद देईना, तेव्हा त्याने हाच शिकारी वापरला. १९६७ मध्ये त्याने त्याचा व्यवसायही सुरू केला.

एक प्रौढ मादी दिवसाला लाल कोळ्याची साधारण २० अंडी किंवा ५ मोठे कोळी फस्त करते. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला आधी सहाच पाय असतात आणि त्या टप्प्यात ते काही खात नाही. कात टाकली की आठ पाय येतात आणि शिकार सुरू. २५ अंशांच्या आसपास अंड्यापासून प्रौढ व्हायला आठवडाही लागत नाही, म्हणजे लाल कोळ्यापेक्षा कमी वेळ. शर्यत तो जिंकतो ती इथेच.

डोळे नाहीत, मग शोधतो कसा?

वासावरून. आणि गंमत म्हणजे तो वास झाड सोडतं. १९८० च्या दशकात नेदरलँड्समध्ये मॉरिस साबेलिस, मार्सेल डिके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केलं. इंग्रजी वाय आकाराच्या नळीत शिकारी कोळी सोडला. एका फाट्यातून निरोगी झाडावरची हवा, दुसऱ्यातून लाल कोळी लागलेल्या झाडावरची. शिकारी बहुतेक वेळा दुसऱ्या फाट्याकडे वळले. लिमा बीनचं, म्हणजे डबल बीचं झाड लाल कोळी लागल्यावर वेगळीच वासाची रसायनं हवेत सोडतं, हे त्यातून कळलं. पानावर पोचल्यावर तो पुढचे पाय चाचपत फिरतो. जाळी लागली की तिथेच थांबून शोध घेतो.

जास्त चांगला शिकारी असण्याची अडचण

परसिमिलिस जवळजवळ फक्त अशाच जाळी विणणाऱ्या कोळ्यांवर जगतो. शिकार संपली की तो दुसरीकडे निघून जातो किंवा उपाशी मरतो.

अमेरिकेत कार्ल हफेकर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग हेच दाखवतो. त्यांनी संत्र्यांवर एक कोळी आणि त्याला खाणारा दुसऱ्या जातीचा शिकारी कोळी सोडला. साध्या मांडणीत शिकाऱ्याने भक्ष्य संपवलं आणि मग तोही संपला. मग त्यांनी १२० संत्री मांडली, वाटेत व्हॅसलिनचे अडथळे घातले आणि भक्ष्याला धाग्यावरून तरंगत जाता यावं म्हणून छोट्या काड्या उभ्या केल्या. आता भक्ष्याला पळायला जागा मिळाली. दोघांची संख्या तीन वेळा वर गेली, खाली आली. म्हणजे शिकारी टिकायला हवा असेल तर थोडं भक्ष्यही टिकावं लागतं.

वापरायचं असेल तर

- पान पांढऱ्या कागदावर झटका. हलणारे ठिपके दिसले तर दहापट भिंगातून किंवा फोनच्या मॅक्रो मोडमध्ये पानाची मागची बाजू बघा. शिकारी सोडायची वेळ हीच. सगळीकडे जाळं झाल्यावर उशीर होतो.
- हवा कोरडी असेल तर त्याची अंडी सुकतात. निदान ६० टक्के आर्द्रता हवी. ३० अंशांच्या वर तो मंदावतो, लाल कोळी मात्र जोरात वाढतो. त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्यात उघड्या गच्चीवर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. सावली आणि दमट हवा असलेल्या पॉलीहाउसमध्ये गणित वेगळं असतं.
- बाटली आली की साठवून ठेवू नका. हळूच आडवी फिरवा आणि लागण झालेल्या पानांवरच सोडा.
- आधी कोणतं औषध मारलंय ते तपासा. त्याचा अंश पानावर असेल तर पैसे वाया.

थोडक्यात, बाटलीत विकत मिळत असला तरी हा काही औषधाचा डोस नाही. त्याला भूक लागते, तहान लागते, ऊन लागतं. फवारणीनंतर आपण सगळं साफ झालं का ते बघतो. इथे पानामागे चार लाल कोळी आणि दोन नारिंगी शिकारी दिसले, तर पंप बाजूला ठेवायचा आणि आठवडाभराने परत भिंग घेऊन यायचं.